डाव्या हाताच्या ढांगा : स्ट्राइड पियानो कसा शिकावा?

आपोआप वाजणाऱ्या पियानोत छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी चढवावी, यंत्राचा वेग अगदी कमी करावा आणि एकामागून एक खाली जाणाऱ्या पट्ट्यांवर स्वतःची बोटे ठेवीत रचना हातात उतरवून घ्यावी. वॉशिंग्टन शहरातील ड्यूक एलिंग्टन नावाच्या तरुणाने १९२० च्या सुमारास ‘कॅरोलिना शाउट’ ही रचना अशाच रीतीने शिकून घेतली. त्यानंतर तिचे रचनाकार जेम्स पी. जॉन्सन त्या शहरात आले, तेव्हा मित्रांनी एलिंग्टनला पुढे ढकलले आणि त्याने ती रचना साक्षात जॉन्सन यांच्यासमोर वाजविली. जाझ संगीतातील थोर रचनाकार म्हणून पुढे जगाला परिचित झालेल्या एलिंग्टन यांनी ही आठवण आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. न्यूयॉर्कमध्ये फॅट्स वॉलर यांनीही हीच रचना अशाच यंत्राच्या पट्ट्यांवरून उचलली आणि नंतर ते जॉन्सन यांचे शिष्य झाले.

स्ट्राइड पियानो शिकू इच्छिणाऱ्यांसाठी या आठवणींत एक धडा आहे. ही शैली ऐकताना अतिशय वेगवान वाटते. परंतु ती शिकावी लागते ती संथ लयीतच. आणि तिचा खरा विद्यार्थी असतो तो डावा हात.

स्ट्राइड म्हणजे काय?

स्ट्राइड या शब्दाचा अर्थ ढांग. या शैलीत डावा हात पियानोवर अक्षरशः ढांगा टाकीत असतो. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर तो खर्जातील एखादा स्वर अथवा त्याच स्वराची सप्तकजोडी वाजवितो. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तेथून उडी घेऊन पियानोच्या मध्यभागी येतो आणि तीन-चार स्वर एकत्र दाबून कॉर्ड वाजवितो. खर्ज, कॉर्ड, खर्ज, कॉर्ड अशी ही ये-जा अखंड चालू राहते. ठेका आणि स्वरांची बैठक या दोन्ही गोष्टी एकटा डावा हात सांभाळतो. त्यावर उजवा हात मुख्य धून, तिच्या सजावटी आणि मात्रांना हुलकावणी देणारे खंड वाजवितो. ढोल नाही, खर्जाचे दुसरे वाद्य नाही, तरीही एकटा वादक संपूर्ण वाद्यवृंदाचा आभास निर्माण करू शकतो, तो यामुळेच.

या शैलीचे मूळ रॅगटाइममध्ये आहे. स्कॉट जॉप्लिन यांची ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ साली प्रसिद्ध झाली. रॅगटाइम हे मुख्यतः लिहिलेले संगीत होते. स्ट्राइड वादकांनी त्याचा साचा ठेवला, मात्र लय वाढविली, डाव्या हाताची झेप लांबविली आणि वादकाला ऐनवेळी बदल करण्याची मोकळीक दिली.

हार्लेममधील घरभाड्याच्या मैफली

ही शैली बहरली ती न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, पहिल्या महायुद्धाच्या काळापासून १९३० च्या दशकापर्यंत. तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांना घरभाडे जबर पडे. ते भागविण्यासाठी घरातच मैफल भरवायची, येणाऱ्यांकडून थोडे प्रवेशमूल्य घ्यायचे आणि पियानोवादकाने रात्रभर वाजवायचे, अशी पद्धत रूढ झाली होती. खोलीत दाटीवाटीने लोक नाचत असताना एकट्या पियानोचा ठेका सर्वांना ऐकू जाणे आवश्यक होते. डाव्या हाताचा भक्कमपणा हा त्यामुळे केवळ शैलीचा अलंकार नव्हता, तर ती पोटापाण्याची गरज होती. या मैफलींत वादकांमध्ये चुरस चाले आणि ‘कॅरोलिना शाउट’ ही त्या चुरशीतील कसोटीची रचना मानली जाई.

जेम्स पी. जॉन्सन (१८९४–१९५५), विली ‘द लायन’ स्मिथ आणि फॅट्स वॉलर (१९०४–१९४३) ही या परंपरेतील तीन प्रमुख नावे. जॉन्सन यांनी ‘कॅरोलिना शाउट’ची ध्वनिमुद्रिका १९२१ साली काढली. तिच्यामागे कॅरोलिना व जॉर्जिया भागातून न्यूयॉर्कला आलेल्या लोकांची नृत्ये होती. जॉन्सन तरुणपणी ज्या नृत्यगृहात वाजवीत, तेथे ही मंडळी आपल्या गावाकडच्या पद्धतीने नाचत आणि त्यांच्या पावलांना साजेसे संगीत मागत.

पेटीवाल्या हाताची अडचण

महाराष्ट्रातील अनेकांची स्वरपट्ट्यांशी पहिली ओळख पेटीवर होते. पेटीवर उजव्या हाताची बोटे तयार होतात, डावा हात मात्र भाता हलविण्यात गुंतलेला असतो. अशा व्यक्तीला पियानोसमोर बसविल्यास तिचा उजवा हात काही दिवसांतच रुळतो आणि डावा हात पाहुण्यासारखा अवघडून बसतो. हा दोष बुद्धीचा नाही, सवयीचा आहे. उलट, पेटीवाल्याचा कान आणि लयीची जाण ही त्याची मोठी जमेची बाजू ठरते. समेचे भान असलेल्या माणसाला मात्रा चुकल्याचे चटकन कळते. त्याने एवढेच स्वीकारायला हवे, की डाव्या हाताच्या बाबतीत आपण पहिलीत आहोत.

वाद्य कोणते असावे?

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात. बाजारात सहज मिळणाऱ्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर मध्य ‘सी’च्या खाली साधारणपणे दोनच सप्तके मिळतात, पूर्ण पियानोवर ती तीनहून थोडी अधिक असतात. स्ट्राइडमधील खर्ज अनेकदा या मर्यादेच्या खाली उतरतो. म्हणून ध्वनिक पियानो शक्य नसल्यास वजनदार पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. कळ दाबताच ठेका व कॉर्ड आपोआप वाजविणारी कीबोर्डवरील सोय सरावाच्या वेळी कटाक्षाने बंद ठेवावी. ती सोय नेमके तेच काम करते, जे डाव्या हाताला शिकायचे आहे.

डाव्या हाताचा सराव

प्रारंभी उजवा हात मांडीवर ठेवावा. डाव्या हाताच्या करंगळीने खर्जातील एकच स्वर वाजवावा आणि पुढच्या मात्रेला मध्यभागी तीन स्वरांची कॉर्ड घ्यावी. मेट्रोनोमवर मिनिटाला ६० मात्रा एवढी संथ गती पुरेशी आहे. येथे महत्त्वाची गोष्ट अशी, की स्वर वाजण्याआधी हात मुक्कामी पोहोचलेला असावा. खर्जाचा स्वर सुटताच हात त्वरेने कॉर्डवर न्यावा, बोटे पट्ट्यांना टेकवावीत, क्षणभर थांबावे आणि मात्रा आल्यावरच दाबावे. झेप वेगवान, परंतु लय संथ, असा हा सराव आहे. मात्रेच्या क्षणीच उडी मारणारा हात लय वाढताच चुकतो.

खर्जाकडे परतताना अधिक चुका होतात, कारण तेथे लक्ष्य एकाच पट्टीचे असते. आरंभी नजरेची मदत घेण्यास हरकत नाही. मात्र हळूहळू डोळे मिटून तीच झेप घ्यावी. काळ्या पट्ट्यांच्या दोन-तीनच्या जोडण्या बोटांना दिशा दाखवितात. एका कॉर्डवर हात स्थिर झाल्यावर दोन, नंतर चार कॉर्ड घ्याव्यात. त्यानंतर एकेरी खर्जाऐवजी सप्तकजोडी वाजवावी. चुकांशिवाय सलग काही आवर्तने झाल्यावरच गती थोडी वाढवावी.

‘कॅरोलिना शाउट’मध्ये जॉन्सन ही सरळ चाल मध्येच मोडतात. खर्ज-कॉर्ड, खर्ज-कॉर्ड या क्रमाऐवजी खर्ज-खर्ज-कॉर्ड, खर्ज-खर्ज-कॉर्ड, खर्ज-कॉर्ड असा क्रम येतो. आठ मात्रांची विभागणी तीन, तीन, दोन अशी होते. तिहाई ऐकून वाढलेल्या कानाला यातील गंमत लगेच उमगते. पियानोवर बसण्यापूर्वी हा क्रम गुडघ्यावर हाताने वाजवून पाहावा : खर्जासाठी मूठ, कॉर्डसाठी तळवा.

दहाव्या स्वराचा प्रश्न

स्ट्राइडमध्ये डावा हात अनेकदा खालचा सा आणि वरच्या सप्तकातील ग असे दोन स्वर एकत्र घेतो. पट्ट्यांच्या मध्यापासून मोजल्यास सप्तकजोडीचे अंतर सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरते, तर या दहाव्या स्वराचे सुमारे २१ सेंटिमीटर. वॉलर यांचे पंजे मोठे होते. सर्वांचे तसे नसतात. ज्यांचा हात पोहोचत नाही, त्यांनी तो ओढून ताणू नये. खालचा स्वर मात्रेच्या किंचित आधी आणि वरचा मात्रेवर, असे दोन्ही स्वर पाठोपाठ घेता येतात, अथवा सप्तकजोडीवर काम भागविता येते. मनगट अथवा कोपराखालील स्नायू दुखू लागल्यास सराव त्याच क्षणी थांबवावा. दीर्घकाळ ताण देऊन हात गमावण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे बसणे श्रेयस्कर. पायाचा पेडलही बेताने वापरावा. तो दाबून धरल्यास खर्ज व कॉर्ड एकमेकांत मिसळून ठेक्याची धार जाते.

रचनांचा क्रम

पहिल्याच दिवशी ‘कॅरोलिना शाउट’ला हात घालणे निराशेला निमंत्रण देणारे आहे. आरंभ जॉप्लिन यांच्या ‘द एन्टरटेनर’ (१९०२) या रॅगने करावा. तेथे डाव्या हाताची झेप बेताची आहे. त्यानंतर जॉन्सन यांची ‘स्नोई मॉर्निंग ब्लूज’ (१९२७) घ्यावी. तिची लय शांत असल्याने विद्यार्थ्याला श्वास घ्यायला सवड मिळते. वॉलर यांचे १९२९ मधील ‘एन्ट मिसबिहेविन’ हे गीतही मध्य लयीत उत्तम साधते. एवढे झाल्यावर ‘कॅरोलिना शाउट’ एकेक भाग करून बसवावी. वॉलर यांच्या ‘हँडफुल ऑफ कीज’ व ‘स्मॅशिंग थर्ड्स’ (दोन्ही १९२९) या रचना त्याही पुढच्या. स्मिथ यांची ‘इकोज ऑफ स्प्रिंग’ ही वेगळ्या स्वभावाची आहे. तिच्यात डावा हात ढांगा टाकण्याऐवजी लाटांसारखा वाहतो; स्ट्राइड वादकांच्या मनाचा हळुवार कोपरा तिच्यात दिसतो.

दोन्ही हात एकत्र आणताना उजव्या हाताच्या मोहात डावा हात अडखळतो. अशा वेळी उजव्या हाताची सजावट गाळावी, चूक झाली तरी चालू द्यावी. पण डाव्या हाताचा ठेका थांबू देऊ नये. नाचणाऱ्यांसाठी जन्मलेल्या या संगीतात चुकलेला स्वर क्षम्य होता, तुटलेली लय नव्हे.

कागद की कान?

या रचनांची छापील स्वरलिपी मिळते. मात्र त्या काळी विक्रीसाठी छापलेल्या प्रती बहुधा सोप्या केलेल्या असत, तर ध्वनिमुद्रणांवरून नंतर उतरविलेल्या प्रती तपशीलवार असतात. दोन्हींचा उपयोग आहे. परंतु जॉन्सन यांची यंत्रपियानोवरील गुंडाळी आणि ध्वनिमुद्रिका यांतही एकच रचना तंतोतंत सारखी वाजत नाही. लिहिलेली प्रत म्हणजे एका विशिष्ट दिवसाचे वादन, एवढेच. आपल्याकडे बंदिश वहीत उतरविता येते. गायकी ऐकूनच घ्यावी लागते. येथेही तसेच आहे. आज संगणकावर कोणतेही ध्वनिमुद्रण स्वर न उतरविता संथ करून ऐकता येते. एलिंग्टन यांनी यंत्राचा वेग कमी करून जे साधले, ते आता घराघरांत शक्य आहे.

मुंबईचा धागा

या वादनाचे सूर मुंबईला अगदीच अपरिचित नव्हते. शिकागोत नाव कमावलेले अमेरिकी कृष्णवर्णीय पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९२६ साली आशियात आले आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होते. ते हार्लेमचे नव्हेत. तरी त्यांचा डावा हात याच घडणीचा होता. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईत आलेल्या गोमंतकीय वादकांना जाझचे धडे अशा पाहुण्यांच्या सहवासात मिळाले. वेदरफर्ड पुढे कोलकात्यात स्थायिक झाले आणि १९४५ मध्ये तेथेच कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले.

हात थांबला, चाल उरली

जॉन्सन यांचा शेवट मनाला चटका लावणारा आहे. १९५१ मध्ये पक्षाघाताने त्यांचे वादन कायमचे थांबले. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या दफनस्थळी नावाचा दगड लागायला २००९ साल उजाडावे लागले. ज्यांच्या ‘चार्ल्स्टन’ या १९२३ च्या धुनेवर अर्धे जग नाचले, त्यांच्या कबरीवर अर्ध्या शतकाहून अधिक काळ नावही नव्हते.

त्यांची खरी खूण मात्र अन्यत्र टिकून राहिली. एखादा विद्यार्थी उजवा हात मांडीवर ठेवून, मेट्रोनोम ६० वर लावून, करंगळीने खर्जाची पट्टी शोधू लागतो, तेव्हा जॉन्सन यांच्याच वाटेवर पहिली ढांग पडते. ती हळू पडली तरी हरकत नाही. एलिंग्टन यांचीही हळूच पडली होती.