हरित पट्टा
नगराच्या अनिर्बंध विस्तारास आळा घालण्यासाठी त्याच्या सभोवती कायद्याने राखलेली शेती, कुरणे वा वनभूमी. नगररचनाकार एबेनेझर हॉवर्ड याच्या १८९८ मधील उद्याननगराच्या कल्पनेत हा पट्टा नगराचाच अवयव होता.  मुंबई महानगर प्रदेशाच्या १९९९ मध्ये मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेने हरित क्षेत्रे आखली खरी. परंतु नकाशावरील हिरवा रंग बिनशेतीच्या परवान्यापुढे बहुधा फिका पडतो. याच प्रदेशात कल्याणनजीक आंबिवली येथे, वळणरस्त्यापायी तुटणाऱ्या झाडांच्या मोबदल्यात, तेथील महापालिकेने वनखात्याच्या जमिनीवर जैवविविधता उद्यान उभारले आहे. अशा कोवळ्या लागवडीचा खरा वैरी वाळल्या गवतातून धावणारा वणवा असल्याने उन्हाळ्यापूर्वीच जाळरेषा, म्हणजे गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढणे अगत्याचे ठरते.