रानपिंगळ्याची चिठ्ठी

शिकारी पक्षी आपल्या ताब्यात असावा, ही हौस जुनी आहे. आज वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशी पोपट काय किंवा ससाणा काय, घरी पाळता येत नाही. एकेकाळी मात्र पक्षी मारून, त्यांच्या कातड्यांत पेंढा भरून खाजगी संग्रह करणे हे विद्वत्तेचे लक्षण मानले जाई. आमच्या खानदेशच्या रानपिंगळ्याची कथा या हौसेशी जोडलेली आहे.

या लहानशा घुबडाचे वर्णन ह्यूमने १८७३ साली केले. पुढल्या दशकात खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने त्याचे काही नमुने मिळवले. त्यानंतरचा पुरावा एकच : गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली आपण पक्षी टिपला, हा कर्नल माइनर्टझागेनचा दावा. त्या चिठ्ठीने पुढील शोध भलतीकडे वळवले.

पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासले, तेव्हा लबाडी उघड झाली. तो डेव्हिडसनचाच पक्षी होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला. मग जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे त्या व त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या रानात आले. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नोव्हेंबर १९९७मध्ये तेथे रानपिंगळा दिवसाउजेडी समोर बसलेला दिसला. पुढे जळगाव जिल्ह्यातील यावलच्या अभयारण्यातही तो आढळला.

संग्राहकाच्या खणातल्या पक्ष्याहून डेव्हिडसनची प्रामाणिक चिठ्ठी आम्हांस अधिक मोलाची वाटते. तिच्यामुळेच जिवंत पक्ष्याचे घर सापडले.