नाकातली वाट
कवटीच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची गाठ नाकावाटे काढण्याचा मार्ग १९०७ साली इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर यांनी दाखविला. हार्वे कुशिंग यांनी तो पुष्कळ चोखाळून पुढे सोडला. एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी मात्र जपला. १९९० नंतर दुर्बिणीने दृष्टी उजळली, मोठ्या गाठीही हाती येऊ लागल्या. पण तळाला पडलेले भोक बुजवावयाचे कसे? मेंदूभोवतीचे पाणी तेथून नाकात झिरपे, आणि त्याच वाटेने जंतू वर चढून मस्तिष्कावरणाचा दाह होई. गाठीतून सुटलेला रोगी कधी या थेंबांपायी दगावे! उपाय नाकातच निघाला. नाकाच्या पडद्याचे अस्तर, त्याची रक्तवाहिनी न तोडता, भोकावर पसरावयाचे. अर्जेंटिनातील हदाद व बासागास्तेगी यांची ही युक्ती २००६ साली प्रसिद्ध झाली. जिवंत ठिगळ चटकन रुजते; गळती पुष्कळ घटली, पुरती थांबली नाही. म्हणून आजही अशा रोग्याला काही आठवडे नाक शिंकरण्याची मनाई असते.