इव्हाग्रियसचे अष्टविचार व त्याच्या ग्रंथांचें नामांतर

जुन्या पोथ्या जमविणारांस एक अनुभव नेहमीं येतो. पोथीच्या शेवटीं एका ग्रंथकाराचें नांव असतें, परंतु आंतील परिभाषा व विचारसरणी पाहतां ती कृति दुसऱ्याची असावी असा संशय बळावतो. अशा वेळीं लेखकूचा प्रमाद किंवा नामसाधर्म्य हीं कारणें आपण पुढें करितों. याहून निराळें असें तिसरें कारण संभवतें. तें हें कीं, मूळ ग्रंथकाराचें नांवच दूषित ठरल्यामुळें त्याचा ग्रंथ दुसऱ्याच्या नांवाखालीं वावरूं लागतो. ख्रिस्ती विरक्तिमार्गाचा एक आद्य शास्त्रकार इव्हाग्रियस याच्या ग्रंथांची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

इव्हाग्रियसचा जन्म काळ्या समुद्राच्या दक्षिणेस पाँटस प्रांतांत इ. स. ३४५ च्या सुमारास झाला. बेसिलनें त्यास धर्मग्रंथवाचकाचा अधिकार दिला व नाझियान्झसच्या ग्रेगरीनें उपदीक्षा दिली. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेच्या काळांत तो त्या राजधानींत वादपटु म्हणून नांवाजला होता. तेथें एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नीविषयीं त्याचें मन गुंतलें. त्याचा शिष्य पॅलाडियस यानें इ. स. ४२० च्या सुमारास लिहिलेल्या वृत्तांतांत असें सांगितलें आहे कीं, स्वप्नांत एका देवदूतानें त्याजकडून शहर सोडण्याची शपथ घेवविली आणि त्याप्रमाणें तो गलबतांत बसून जेरुसलेमास गेला. तेथेंहि त्याचें मन डळमळलें व तो पुन्हां उंची वस्त्रें वापरूं लागला. पुढें सहा महिने तापानें अंथरुणास खिळल्यावर मेलानिया नामक साध्वीपाशीं त्यानें आपलें अंतर उघड केलें, आणि बरा होतांच इजिप्तची वाट धरिली. नित्रिया येथें दोन वर्षें व केल्लिया येथील वाळवंटांत चौदा वर्षें राहून इ. स. ३९९ मध्यें तो वारला.

या वाळवंटांत तो पोट कसें भरीत असे, ही गोष्ट संग्राहकांस विशेष जवळची वाटेल. तो पोथ्यांच्या नकला करी. ऑक्सिऱ्हिंकस वळणाचें अक्षर तो उत्तम काढीत असे, आणि वर्षाकाठीं अन्नास लागेल तेवढेंच मोल मिळवी, असें पॅलाडियस म्हणतो. सारांश, हा शास्त्रकार स्वतः लेखकू होता.

त्याच्या शिकवणुकीचें सूत्र असें: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, आळसयुक्त उबग, कीर्तिलोभ व गर्व हे आठ विचार साधकास छळतात. आपल्याकडील षड्रिपूंची आठवण येथें होईल. पण भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. इव्हाग्रियस ज्यांविषयीं बोलतो ते मनोविकार नसून त्यांच्या आधीं मनांत शिरणारे विचार होत. विचार उठावा कीं नाहीं हें मनुष्याच्या हातीं नाहीं. त्यास थारा द्यावा कीं नाहीं हें मात्र त्याच्या हातीं आहे, असा त्याचा अभिप्राय. उबगाचें वर्णन त्यानें फार सूक्ष्म केलें आहे: भर दुपारीं सूर्य हलतच नाहींसा वाटतो, साधक वारंवार खिडकीकडे पाहतो, कोणी बंधु भेटीस येतो कीं काय याची वाट बघतो, आणि अखेर आपलें स्थान व व्रत यांचाच त्यास वीट येतो. कीर्तिलोभाविषयीं तो बजावतो कीं, त्यास जिंकण्यासाठीं जें करावें तेंच नव्या कीर्तिलोभाचें मूळ बनतें.

‘अँटिऱ्हेटिकोस’ म्हणजे ‘प्रत्युत्तर’ या ग्रंथांत त्यानें या आठ विचारांचे आठ भाग पाडून प्रत्येक विचारास द्यावयाचें उत्तर धर्मशास्त्रांतील वचनांतून काढून ठेविलें आहे. अशीं उत्तरें पांचशेंच्या जवळपास आहेत. अरण्यांत सैतानानें मोह घातला असतां येशूनें शास्त्रवचनांनींच त्यास निरुत्तर केलें, हा या पद्धतीचा आधार.

परंतु या साधनमार्गास जोडून आत्म्याची पूर्वस्थिति व अंतिम गति यांविषयींचें त्याचें तत्त्वज्ञान होतें, आणि तें ओरिजेनच्या मतांवर उभारलेलें होतें. इ. स. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील पांचव्या सार्वत्रिक परिषदेच्या वेळीं तीं मतें निषिद्ध ठरलीं. पुढील परिषदांनीं ओरिजेनबरोबर इव्हाग्रियसचेंहि नांव घेऊन तो निषेध कायम केला. परिणाम असा झाला कीं, ग्रीक भाषेंत त्याचे तात्त्विक ग्रंथ बहुतेक नष्ट झाले, ‘प्रत्युत्तरा’चेंहि ग्रीक मूळ राहिलें नाहीं, आणि ‘प्रार्थनेविषयीं’ हा १५३ प्रकरणांचा ग्रंथ नायलस या संताच्या नांवावर चालूं लागला. इ. स. १७८२ मध्यें व्हेनिस येथें छापलेल्या ‘फिलोकालिया’ संग्रहांतहि तो नायलसचाच म्हणून आला. पश्चिमेकडे कासियननें अष्टविचारांचा उपदेश लॅटिनमध्यें नेला, पण आपल्या ग्रंथांत इव्हाग्रियसचें नांव कोठेंच घेतलें नाहीं. त्याच उपदेशास सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनें नवी मांडणी दिली व त्यांतून पुढें सप्त महापातकांची प्रसिद्ध गणना निघाली.

मूळ शोधण्यास साहाय्य झालें तें भाषांतरांचें. सिरियाक ख्रिस्ती लोकांनीं त्याचे ग्रंथ त्याच्याच नांवें जतन केले होते. इ. स. ९३२ मध्यें मठाधिपति निसिबिसचा मोझेस यानें मेसोपोटेमियांतून सुमारें २५० हस्तलिखितें इजिप्तमधील वादी नत्रून येथील सिरियन मठांत आणिलीं. त्या मठांतील पुष्कळ पोथ्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनें विकत घेतल्या. त्या आतां ब्रिटिश लायब्ररींत आहेत. सिरियाक पोथ्यांवरून फ्रँकेनबर्गनें इ. स. १९१२ मध्यें ‘प्रत्युत्तर’ छापलें. इ. स. १९३४ मध्यें हाउसहेरनें ‘प्रार्थनेविषयीं’ हा ग्रंथ इव्हाग्रियसचाच असल्याचें साधार दाखविलें. ग्वियोमोंनें त्याच्या मुख्य तात्त्विक ग्रंथाचें अधिक मूळानुसारी सिरियाक भाषांतर लंडनच्या पोथींतून शोधून इ. स. १९५८ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि इ. स. १९६४ मध्यें केल्लियाचें स्थळहि निश्चित केलें.

या हकीकतींतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, परिषदेनें मनुष्यास दोषी ठरविलें तरी साधकांनीं त्याचा उपयोगी उपदेश टाकिला नाहीं. त्यांनीं नांवच काय तें टाकिलें. म्हणून ख्रिस्ती वैराग्याचा इतिहास केवळ ग्रंथकारांच्या मान्य यादीवरून लिहिल्यास तो अपुरा राहील. दुसरी, ज्या परंपरेंत मूळ ग्रंथ निषिद्ध ठरला तिच्या सीमेबाहेरील भाषांतरें पाहिल्याशिवाय पोथीवरील नांव प्रमाण मानूं नये. भाषांतर म्हणून दुय्यम समजलेली पोथी येथें मुळाहून अधिक प्रामाणिक ठरली. उपदेश सर्वत्र पसरला असतां उपदेशकाचें नांव शतकानुशतकें लुप्त राहिलें, याबद्दल कीर्तिलोभास शत्रु मानणाऱ्या त्या लेखकूनें बहुधा तक्रार केली नसती. परंतु संशोधकास तसें मौन धरितां येत नाहीं. ज्याचें ऋण त्याच्या नांवें नोंदविणें हें त्याचें कर्तव्यच आहे.