बाळंतपणाची रजा : पैसे कोणी द्यायचे?

हेडफोन लावलेत ना? मग चला.

आजची गोष्ट घरातूनच सुरू करतो. माझी मावसबहीण लातूरला एका खाजगी क्लासमध्ये शिकवते. लेकरू झालं आणि एकेचाळिसाव्या दिवशी ती परत फळ्यासमोर उभी. मी म्हटलं, "ताई, कायद्यानं सहा महिने मिळतात की!" ती हसली. म्हणाली, "आमच्याकडं आम्ही सातच जण आहोत रे. कायदा दहापासून सुरू होतो."

ही 'दहा'ची भानगड आली कुठून? त्यासाठी जरा मागं जाऊ.

आपल्या मराठवाड्यात बाळंतिणीला रजा नव्हती असं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना पाण्यात हात घालायचा नाही, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी. आई आणि बाळ एका खोलीत, एकमेकांच्या उबेला. ही रजाच होती बघा. फक्त तिचा खर्च माहेर करायचं. आणि ज्या बाईचं माहेरच मजुरीवर जगायचं, तिला ही रजा कुठली?

तिकडं मुंबईच्या गिरण्यांत तर माहेर शेकडो कोस दूर. बायका बाळंत होऊन लगेच कामावर यायच्या. मागं लेकरू रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी द्यायच्या. १९२०च्या दशकात डॉ. बार्न्स या बाईंनी सरकारसाठी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, त्यात हे नोंदलेलं आहे. आई आठ-दहा तास साच्यावर आणि बाळ गुंगीत.

१९१९ला वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत १२ आठवड्यांच्या रजेचा ठराव झाला होता. इथं मात्र मालक म्हणायचे, परवडत नाही. शेवटी मुंबई कायदेमंडळात विधेयक आलं. २८ जुलै १९२८ला त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचा मुद्दा नीट ऐका. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा. पण मालकही सुटत नाही, कारण बाई कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो.

१९२९ला कायदा झाला. आपल्या देशातला या विषयावरचा पहिला. आधीचे तीन आठवडे, नंतरचे चार आणि रोजचे आठ आणे. पैसे मात्र मालकानंच द्यायचे. सरकारच्या वाट्याचं राहून गेलं.

आणि हा कायदा मुंबई प्रांतापुरता. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. नांदेडात उस्मानशाही मिलचा भोंगा वाजायचा, पण मुंबईचा कायदा सरहद्दीवरच थांबलेला. आपण १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झालो.

१९४८लाच राज्य कामगार विमा कायदा आला. तोच तो ईएसआय. यात मालक आणि कामगार दोघं हप्ता भरतात आणि बाळंतपणाच्या रजेचे पैसे विम्यातून मिळतात. एकट्या मालकावर भार नाही. पण जिथं हा विमा पोचला नाही, तिथं १९६१चा मातृत्व लाभ कायदा. त्यात १२ आठवडे, पगार मालकाचा. पुढं दुकानं-आस्थापनाही त्यात आल्या, पण दहा किंवा जास्त माणसं असतील तरच. आली का 'दहा'ची भानगड लक्षात? २०१७ला पहिल्या दोन लेकरांसाठी १२चे २६ आठवडे झाले आणि ५० किंवा जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. रजा वाढली, पण पैसे देणारा तोच. म्हणून मुलाखतीत पोरींना हळूच विचारतात, "लग्न कधी?"

आता आपल्या कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला जाणारी बाई बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. खाडा झाला की पैसे कापले. मग ओली बाळंतीण फडात मोळ्या बांधते, लेकरू बांधाला झोळीत. तिचा मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो कारखाना. सरकारच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये आहेत. हातभार आहे, पण सहा महिन्यांची मजुरी नाही.

आणि बाप? केंद्र सरकारच्या नोकरीत त्याला १५ दिवस मिळतात. खाजगीत तसा कायदाच नाही. बाळाला अंघोळ घालणं, रात्री खांद्यावर घेऊन फिरणं, यातूनच बापाला लेकरू कळतं ना? त्यालाही वेळ लागतोच.

म्हणजे बघा मंडळी, रजा किती आठवड्यांची यावर आपण शंभर वर्षं बोललो. पैसे कोणाचे, हा १९२८चा प्रश्न मात्र तसाच आहे. तो सुटला असता, तर सातजणांच्या क्लासातली माझी ताई एकेचाळिसाव्या दिवशी फळ्यासमोर नसती.

तुमच्यासाठी एक काम. घरी आजीला विचारा, "तुझ्या बाळंतपणात किती दिवस विश्रांती मिळाली?" उत्तर व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात ऐकू.

भेटू. काळजी घ्या!