डिजिटल मल्टिट्रॅक रेकॉर्डर : क्लॉक व ट्रॅकची मांडणी
अनेक वाद्ये व आवाज एकाच वेळी स्वतंत्र ट्रॅकवर साठवणारे ध्वनिमुद्रण यंत्र. प्रत्येक सॅम्पल (ध्वनीचा क्षणिक नमुना) केव्हा घ्यायचे, हे त्यातील क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे क्लॉक ठरवते. डिजिटल मिक्सरसारखे दुसरे यंत्र जोडल्यावर खरी काळजी इथेच घ्यावी लागते. दोन क्लॉकमध्ये दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी ४८ किलोहर्ट्झला दर सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल मागेपुढे होते आणि ध्वनीत बारीक टिकटिक उमटते. म्हणून साखळीत एकच यंत्र ‘मास्टर’ ठेवून बाकीच्यांना वर्ड क्लॉकच्या ७५ ओहम बीएनसी केबलने किंवा ॲडॅट ऑप्टिकलने त्याचा ताल देतात. वर्ड क्लॉकच्या साखळीत शेवटच्या यंत्रावर टर्मिनेशन (केबलच्या टोकाचा ७५ ओहम रोध) चालू असणे आवश्यक.

सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल घ्यायचे) प्रकल्प उघडतानाच ठरवावा. ४८ किलोहर्ट्झचे मुद्रण ४४.१ वर वाजवल्यास गाणे सुमारे ८ टक्के संथ होते आणि पट्टी जवळपास दीड स्वर-पायरीने, म्हणजे दीड सेमिटोनने, उतरते. गायकाचा आवाज जड व वेगळा वाटतो.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर २४ ट्रॅकच्या तासाभराच्या मुद्रणाला सुमारे १२.४ गिगाबाइट जागा लागते. रेट दुप्पट केल्यास जागाही दुप्पट लागते आणि ॲडॅट ऑप्टिकलच्या एका केबलवर आठऐवजी चारच चॅनेल मिळतात. या केबलला नाव देणारा, ॲलेसिसचा १९९२ मध्ये बाजारात आलेला ॲडॅट रेकॉर्डर एस-व्हीएचएस टेपवर आठ ट्रॅक मुद्रित करी; असे १६ रेकॉर्डर जोडून १२८ ट्रॅक मिळवता येत. मोठ्या स्टुडिओंची मक्तेदारी मोडण्यात त्याचा वाटा मोठा आहे.