शाश्वततेचे नियोजन : ‘बीआरएसआर’ अहवाल काय सांगतो?

पाणी, ऊर्जा, कच्चा माल आणि मनुष्यबळ यांची आजची गरज भागवताना उद्याचा व्यवसाय धोक्यात येऊ नये, यासाठी उद्दिष्टे, मुदती आणि जबाबदाऱ्या निश्चित करणे म्हणजे संस्थेचे शाश्वतता नियोजन. भारतातील मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना या नियोजनाचा तपशील ‘व्यवसाय दायित्व आणि शाश्वतता अहवाला’तून, म्हणजेच ‘बीआरएसआर’मधून, दरवर्षी जाहीर करावा लागतो. मात्र अहवाल देणे बंधनकारक असले, तरी त्यात कालबद्ध उद्दिष्ट असलेच पाहिजे, असे बंधन नाही.

पार्श्वभूमी : कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये जबाबदार व्यवसायाची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानंतर भांडवली बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’ने २०१२ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय दायित्व अहवाल अनिवार्य केला. २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे सुधारण्यात आली. मे २०२१ मध्ये ‘बीआरएसआर’चा नमुना आला आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या १,००० कंपन्यांना बंधनकारक झाला.

स्वरूप : अहवालाचे तीन विभाग आहेत. पहिल्यात कंपनीची सर्वसाधारण माहिती, दुसऱ्यात व्यवस्थापन व कार्यपद्धती, तर तिसऱ्यात नऊ तत्त्वांनुसार प्रत्यक्ष कामगिरी नोंदवली जाते. नियोजनाची खरी कसोटी दुसऱ्या विभागात लागते. धोरणाला संचालक मंडळाची मान्यता आहे का, कालबद्ध उद्दिष्टे ठरवली असल्यास ती कोणती, त्यांपैकी किती साध्य झाली आणि न झाल्यास कारणे काय, हे तेथे विचारले जाते.

पडताळणी : उत्सर्जन, पाणी, ऊर्जा, कचरा, कर्मचाऱ्यांची सुरक्षितता आदी नऊ घटकांवरील निवडक निर्देशांकांचा ‘बीआरएसआर कोअर’ हा संच ‘सेबी’ने जुलै २०२३ मध्ये जाहीर केला. या आकड्यांची बाह्य पडताळणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली. २०२६-२७ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने १,००० कंपन्यांपर्यंत नेण्याचे नियोजन आहे.

मर्यादा : उत्सर्जनाचा आकडा एकूण प्रमाणात तसेच उलाढालीच्या तुलनेतही दिला जातो. उलाढाल दुप्पट आणि उत्सर्जन दीडपट झाले, तर प्रतिरुपया उत्सर्जन २५ टक्क्यांनी घटलेले दिसते. वातावरणात जाणारा वायू मात्र निम्म्याने वाढलेला असतो. दुसरे असे की, कारखान्यातील इंधनाचे आणि विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन सांगणे अत्यावश्यक आहे. पुरवठादार, वाहतूक आणि उत्पादनाचा वापर यांतून होणारे उत्सर्जन ऐच्छिक निर्देशांकात मोडते. पुरवठा साखळीची माहिती मिळवायची, तर मोजमापाची साधने नसलेल्या लहान उद्योगांना सोबत घ्यावे लागते. ही माहितीही कंपन्यांनी स्वेच्छेने द्यावी, अशी भूमिका ‘सेबी’ने २०२५ मध्ये घेतली.

वाचन कसे करावे : हे अहवाल कंपन्यांच्या आणि शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर उपलब्ध असतात. भागधारकाने सलग दोन-तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवावेत. उद्दिष्टाची मुदत पुढे ढकलली का, मोजण्याची पद्धत बदलली का, एकूण वापर घटला की केवळ गुणोत्तर सुधारले, हे पाहावे. ज्या रकान्यात उद्दिष्टाऐवजी केवळ सद्हेतू नोंदवलेला असतो, तेथे धोरण असते, नियोजन नसते.